बक्षीस पाठांतराला की शोधाला?

शालेय इतिहास स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी अनेक वर्षे जातो आहे. बक्षिसे बहुधा सनावळ्यांना आणि पाठ केलेल्या भाषणांना मिळतात. म्हणूनच जर्मनीतली एक स्पर्धा मला महत्त्वाची वाटते. राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि हॅम्बुर्गचे उद्योजक कुर्ट क्योर्बर यांनी ती १९७३ साली सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच परिसरातला विषय घ्यायचा, मूळ कागद तपासायचे, जुन्या माणसांना विचारायचे.

१९८०च्या फेरीचा विषय होता नाझी राजवटीतले रोजचे जीवन. पासाउ शहराच्या आना रोसमुसने शोध सुरू केला आणि प्रतिष्ठितांचे नाझींशी असलेले संबंध उघड होऊ लागले. दप्तरे बंद झाली, धमक्या आल्या. ती कोर्टात गेली, कागद मिळवले. १९८३ साली तिचे पुस्तक निघाले.

आपल्याकडे राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. ही वाट मुलांसाठी खुली करायची, तर बक्षिसाची रक्कम वाढवून भागणार नाही. एखाद्या मुलीने आपल्याच घराण्याचा अडचणीचा कागद मागितला, तर तो आपण तिच्या हाती देऊ का?