साताऱ्याचा वेढा कोण दाखवणार?

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ लागली की आमच्या सांगलीच्या घरात रिमोटला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पण मालिकांमधल्या लढाया बघताना एक खटकतं. दोन सरदार समोरासमोर, तलवारीला तलवार, ब्रेकच्या आधी निकाल!

आता साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. औरंगजेबाचा वेढा डिसेंबर १६९९ मध्ये पडला, उठला थेट एप्रिल १७०० मध्ये. चार महिने मुख्य काम काय, तर खणणं. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. १३ एप्रिलला पहिला उडाला. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. (मालिकेत दाखवलं तर आपणच म्हणू, काहीही हं!) दुसऱ्या सुरुंगाने तट उलटा बाहेर कोसळला. हल्ल्याच्या तयारीत खाली थांबलेले सुमारे २,००० मोगल सैनिक त्यात गेले.

तरी २१ एप्रिलला गड मोगलांकडे गेलाच. त्यांनी नाव ठेवलं आझमतारा. राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते.

मला त्या मधल्या आठ दिवसांचा एपिसोड बघायचाय. राजा गेलेला, तट फुटलेला, खाली प्रेतांचा खच. गड सोडायचं पहिल्यांदा कोण बोललं असेल? ग्राफिक्स कमी चालतील, पण हे दाखवा की राव!

पुढच्या भागात परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड. औरंगजेब साताऱ्याहून तिकडेच वळला.