नरकचतुर्दशी, दुपारी 12:18

20 ऑक्टोबर 2025, सोमवार. वेळा आपल्या घड्याळाच्या.

सकाळ. लातुरात अभ्यंगस्नान, फराळ सगळं उरकलं. औसा रोडवरच्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळणारा एखादा पोरगा डोळ्यांसमोर आणा. त्याचं ॲप म्हणजे एक तयार इमेज : कोड, लायब्ऱ्या, सेटिंग सगळं एकत्र बांधलेलं. ती ठेवलेली डॉकर हबवर, म्हणजे अशा इमेजच्या ऑनलाइन कोठारात. होस्टिंगवाला तिथून ओढतो आणि कंटेनर चालू करतो. सर्व्हर मुंबईत, म्हणून सगळं जवळच आहे असा त्याचा समज.

12:18. उत्तर व्हर्जिनियात पहाटेचे पावणेतीन. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये डायनॅमोडीबी या डेटाबेसचे पत्ते डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीत, लिहिणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांपैकी एक रेंगाळली आणि तिनं जुनी यादी नव्या यादीवर चढवली. त्याच वेळी दुसरी जुन्या याद्या साफ करत होती. तिनं हीच यादी उडवली. दिवाळीच्या साफसफाईत चालू खातेवही रद्दीत जावी, तसं. पत्ता कोरा.

12:41. ॲमेझॉनची पहिली सूचना : चुका वाढल्यात, तपास चालू आहे.

डॉकर हबही याच क्लाउडवर. दिवाळी ऑफरचा बॅनर बदलायला आपल्या पोरानं आत्ता डिप्लॉय दाबलं, तर समोर 503, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. गंमत अशी, की हात लावला नसता तर साइट चालूच राहिली असती. चालत्या कंटेनरला इमेज पुन्हा लागत नाही. मेला तो इमेज नव्यानं ओढणारा. त्यातही ‘लेटेस्ट’ टॅग लावणारा आधी, कारण कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस अशा इमेजसाठी दर वेळी हबचं दार वाजवतं. हा टॅग म्हणजे निव्वळ आळस, असं माझं जुनं मत आहे.

1:08. दोष डीएनएसचा, हे सापडलं.

2:55. पत्ते परत आले. पंधरा मिनिटांत डेटाबेस बोलू लागला. सुटलो, असं वाटण्याची वेळ.

पण खरी गोची पुढंच होती. नवे सर्व्हर उभे करणारी यंत्रणा प्रत्येक मशीनशी ठरावीक मुदतीचा करार राखते, आणि तो टिकवणारी तपासणी डायनॅमोडीबीवर अवलंबून. मधल्या तासांत असंख्य करार संपले. सगळे एकदम नवे करायला गेली, तर एक पुरा होण्याआधीच त्याची मुदत संपून तो पुन्हा रांगेत. रांग फुगत गेली, काम होईना. शेवटी इंजिनियरांनी येणारं काम रोखून त्या यंत्रणेचीच निवडक यंत्रं रिस्टार्ट केली.

5:58. करार जुळले.

6:00. आता सर्व्हरांत काम वाटून देणारा लोड बॅलन्सर बिघडला. नव्या सर्व्हरांची नेटवर्क सेटिंग पोचायच्या आत तपासणी व्हायची, धडधाकट सर्व्हर आजारी ठरायचे, काढले जायचे, पुन्हा घेतले जायचे.

रात्री 10:06. ही आपोआप काढाकाढ माणसांनी हातानं बंद केली.

मध्यरात्रीनंतर 2:20. सर्व्हर पूर्ववत.

2:50. ॲमेझॉनच्या कंटेनर सेवांतही नवे कंटेनर नीट उभे राहू लागले. इकडं लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडायला आलेला. पत्ते लिहिणारी ती स्वयंचलित यंत्रणा ॲमेझॉननं जगभर बंद करून ठेवली.