मूत्रपिंडाचा विकार आणि पायाची जखम : न दुखणारा धोका

मूत्रपिंडाच्या विकाराचे निदान झाले की रुग्णाचे व कुटुंबीयांचे सारे लक्ष क्रिएटिनिनचा आकडा, रक्तदाब आणि पथ्यपाणी यांकडे लागते. पाय मात्र दुर्लक्षित राहतात. वस्तुतः दीर्घकालीन मूत्रपिंड विकार असलेल्या, विशेषतः त्याच्या जोडीला मधुमेह असलेल्या रुग्णांत पायाला न भरणारी जखम होण्याचा आणि ती चिघळून पाय कापावा लागण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. गोव्याला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसरात तंबाखूचे सेवन, कडक चामडी पादत्राणे आणि अनवाणी वावर यांची या धोक्यात भर पडते. यांपैकी बहुतेक गोष्टी गोमंतकीय वाचकांनाही परिचयाच्या आहेत.

विकार कसा ओळखतात?

मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी असणे, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी बिघाडाची खूण आढळणे, ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. ही क्षमता १५ पेक्षा खाली गेली की पाचवा, म्हणजे अखेरचा टप्पा मानला जातो. त्यातील अनेक रुग्णांना पुढे डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाची गरज भासते.

पायावर परिणाम का होतो?

पहिले कारण संवेदना कमी होणे. रक्तात साचणारी टाकाऊ द्रव्ये आणि मधुमेहातील वाढलेली साखर ही दोन्ही पायांतील मज्जातंतूंना इजा करतात. आरंभी मुंग्या येतात, जळजळ होते. पुढे तळवा बधिर होतो. खडा टोचला, चपलेने घासले, चटका बसला तरी समजत नाही.

दुसरे कारण रक्तपुरवठा घटणे. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे संतुलन बिघडते व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या ताठर होतात. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून पायापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि किरकोळ जखमही भरत नाही.

याखेरीज त्वचा कोरडी पडून टाचांना भेगा पडतात, खाजवल्याने ओरखडे उठतात, सुजेमुळे पादत्राणे घट्ट होतात. रक्तक्षय, अपुरे पोषण आणि क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांमुळे जंतुसंसर्ग लवकर पसरतो. मधुमेहाने दृष्टीही अधू झाली असेल तर स्वतःच्या तळव्यावरील जखम रुग्णाला दिसतही नाही.

बधिर पायाचे हे गणित भारतातच स्पष्ट झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रुग्णांच्या पायांची हानी मुख्यतः वेदना न जाणवल्यामुळे होते. एकाच जागी पुनःपुन्हा दाब पडत राहतो आणि वेदना नसल्याने रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो. ‘दुखत नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हा समज मूत्रपिंडाच्या रुग्णासाठीही तितकाच घातक आहे.

डायलिसिसचा काळ

डायलिसिस सुरू झाल्यानंतर पायाच्या जखमांचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांत आढळले आहे. उपचाराच्या वेळी रक्तदाब उतरला की पायाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. सुमारे चार तास एकाच स्थितीत पडून राहिल्याने टाचेवर दाब येतो. शिवाय आठवड्यातील दोन-तीन दिवस डायलिसिसमध्येच जात असल्याने पायासाठी वेगळ्या डॉक्टरकडे जाणे लांबणीवर पडते. मोठ्या उपचारासाठी कोल्हापूर किंवा बेळगाव गाठणाऱ्या निपाणीच्या रुग्णाच्या बाबतीत तर प्रवासाचा शीणही जमेस धरावा लागतो.

म्हणूनच डायलिसिसची वेळ हीच पाय तपासण्याची वेळ करणे सोयीचे ठरते. रुग्ण खाटेवर असतो, परिचारिका जवळ असते. पायमोजे काढून तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहण्यास काही मिनिटे पुरतात. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहू दिल्यास तिच्यावरील दाबही टळतो. रुग्णाने किंवा सोबतच्या नातलगाने तशी विनंती करण्यास संकोचू नये.

निपाणी परिसरातील विशेष धोके

निपाणीची ओळख तंबाखूच्या बाजारपेठेने झाली. १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने हे नाव सर्वदूर पोहोचले. विडी वळण्यावर येथील अनेक स्त्रियांचा संसार चालला आहे. मात्र विडी वा सिगारेटचा धूर पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद करतो. मूत्रपिंड विकाराने आधीच ताठरलेल्या वाहिन्यांवर हा दुहेरी आघात ठरतो. मिश्री आणि चघळण्याच्या तंबाखूतूनही निकोटीन शरीरात जाते, हे विसरू नये.

दुसरी बाब पादत्राणांची. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्ह्याचाही समावेश आहे. ही चप्पल या भागाची शान असली तरी तिचा कडक तळ, अंगठ्याचा पट्टा आणि उघडी बोटे बधिर पायाला मानवणारी नाहीत. मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ, रुंद पुढा आणि मागे पट्टा असलेली चप्पल अशा रुग्णांना अधिक सुरक्षित असते.

उसाच्या शेतात, तापलेल्या देवळाच्या फरशीवर किंवा नवसापोटी अनवाणी चालणे टाळावे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांतूनही जंतू आत शिरतात.

तपासण्या

डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्यावर १० ग्रॅम इतका दाब देऊन संवेदना पाहतात आणि पायाच्या नाड्या चाचपतात. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आल्यास रक्तपुरवठा घटल्याचे समजते. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांत वाहिन्या ताठर असल्याने हा आकडा फसवा, म्हणजे सामान्य किंवा जास्त, येऊ शकतो. अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, मूत्रपिंडे निकामी झालेल्या मधुमेही रुग्णाची पायाची संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तो सर्वाधिक धोक्याच्या गटात मोडतो व त्याचे पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासावेत.

घरी घ्यावयाची काळजी

• रोज रात्री दोन्ही पाय उजेडात पाहावेत. तळव्यासाठी आरसा वापरावा; दृष्टी अधू असल्यास घरच्यांनी पाहावे.

• कोमट पाण्याने पाय धुवावेत. पाण्याची उष्णता दुसऱ्याने हाताने पाहावी. बेचक्या कोरड्या कराव्यात. तेल वा मलम टाचेला लावावे, बेचक्यांत नको.

• चप्पल-बूट झटकून, आत हात फिरवून मगच घालावेत. घरातही अनवाणी फिरू नये. नवे पादत्राण संध्याकाळी, पायांना सूज असताना मापून घ्यावे.

• कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टी लावू नये. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये.

• जखमेवर हळद, चुना किंवा तंबाखू दाबू नये.

• पाय दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. प्रतिजैविकांची मात्राही मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार ठरवावी लागते, म्हणून प्रत्येक डॉक्टरला या विकाराची कल्पना द्यावी.

कधी थांबू नये?

पायावर फोड, चीर किंवा जखम दिसली, मग ती दुखो वा न दुखो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी. बोट काळे-निळे पडणे, पाय थंडगार होणे, पू वा दुर्गंधी येणे, लाली वर चढणे, ताप येणे यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालयात जावे. जखम न दुखता पाय लाल, गरम व सुजलेला दिसला तर हाडांची झीज सुरू झालेली असू शकते. तेव्हा त्यावर भार देणे लगेच थांबवावे.

जखमेवरचा दाब काढणे, संसर्ग आटोक्यात आणणे आणि गरज असल्यास रक्तपुरवठा पूर्ववत करणे हे उपचार वेळेत झाले तर अनेकांचे पाय वाचतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला वेदना सावध करीलच असे नाही. ते काम रोज दोन मिनिटे पायाकडे पाहणाऱ्या डोळ्यांनाच करावे लागते.