विद्युत उपकेंद्रांची देखभाल आणि फझी तर्कशास्त्र : ठाकुर्ली ते खुला समुद्र

मुंबईची पहिली विजेवरील गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत धावली. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण होत असताना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने डोंबिवलीलगत ठाकुर्ली येथे कोळशावर चालणारे वीजगृह उभारले. 'चोळा पॉवर हाऊस' या नावाने ते परिसरात ओळखले गेले. या मार्गांवरील १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह फार दूर वाहून नेणे परवडत नसल्याने रुळांलगत थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे आवश्यक ठरली आणि त्यांच्याबरोबर देखभालीचा प्रश्नही आला.

अशी देखभाल दीर्घकाळ दिनदर्शिकेनुसार होत असे. ठरलेला महिना आला की यंत्र बंद करावे, तपासावे, पुन्हा जोडावे. रोहित्राच्या ब्रीदरमधील सिलिका जेल निळ्याची गुलाबी होऊ लागली किंवा गुणगुण नेहमीपेक्षा किंचित वाढली, हे अनुभवी तंत्रज्ञ जाणतो. परंतु 'किंचित' या शब्दाला तक्त्यात रकाना नसतो.

या शब्दाला गणितात स्थान दिले ते लोत्फी झादेह यांनी. १९६५ च्या 'फझी सेट्स' या शोधनिबंधात त्यांनी एखादी वस्तू संचात आहे किंवा नाही, या द्विपर्यायी भूमिकेऐवजी सदस्यत्वाची ० ते १ दरम्यानची मात्रा मांडली. सत्तरच्या दशकात इब्राहिम ममदानी यांनी लंडनमध्ये लहान वाफेच्या इंजिनाचे नियंत्रण 'जर-तर' स्वरूपाच्या शाब्दिक नियमांनी करून दाखविले. १९८७ मध्ये जपानमधील सेंदाई येथील भुयारी रेल्वे याच तत्त्वावर धावू लागली.

देखभालीच्या नियोजनात या पद्धतीचे महत्त्व समुद्रात विशेष जाणवते. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह या १६० मेगावॅटच्या पवनक्षेत्रासाठी २००२ मध्ये भर समुद्रात उपकेंद्र उभे राहिले. तेथे जाण्यास होडी हवी, आणि लाटा साधारणतः दीड मीटरहून उंच असल्यास लहान होडीतून फलाटावर उतरणे धोक्याचे. मग १.४ मीटर सुरक्षित आणि १.६ मीटर असुरक्षित म्हणावे काय? फझी पद्धतीत तेलातील वायूंचे प्रमाण 'बरेच', लाटा 'मध्यम', बिघाडाचा परिणाम 'गंभीर' अशा मात्रा एकत्र तोलून कामाचा अग्रक्रम ठरतो.

परिणामाची ही तिसरी बाजू ठाणे जिल्ह्याने अनुभवली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल गाड्या जागीच थांबल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही जोडणीतील एका सर्किटचे देखभाल-दुरुस्तीचे काम चालू असताना दुसऱ्यात बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी सांगितले. पुढे सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त झाला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चुकीकडे बोट दाखविले. कारण कोणतेही असो, एक सर्किट बंद ठेवताच उरलेल्याचे महत्त्व वाढते आणि त्याची 'बरी' प्रकृती पुरेशी ठरत नाही. केवळ यंत्राचे वय पाहणारा तक्ता हे सांगू शकत नाही.

अर्थात फझी पद्धतीही नियम स्वतः निर्माण करीत नाही. 'बरेच' म्हणजे किती, हे कोणा जाणत्या माणसालाच सांगावे लागते. ठाकुर्लीचे वीजगृह १९८० च्या दशकात बंद झाले आणि मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरील एकदिश प्रवाह २०१६ पर्यंत संपुष्टात आला. त्या यंत्रांचा आवाज ओळखणाऱ्या कामगारांचे 'किंचित' आणि 'बरेच' नोंदवून ठेवायचे, तर ते त्यांच्या हयातीतच करावे लागेल.