एक दुर्बीण, अनेक रायफली : शिकारी शस्त्रांवरील सुट्या दुर्बिणीचा इतिहास

शिकारी शस्त्रांच्या इतिहासात दुर्बिणीचा विचार बहुधा भिंगांच्या प्रगतीच्या अंगाने केला जातो. दुर्बीण ज्या बैठकीने रायफलीला जोडली जाते, त्या बैठकीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः एकच सुटी दुर्बीण आळीपाळीने अनेक रायफलींवर वापरता येईल काय, हा शिकाऱ्यांना शतकभर पडत आलेला प्रश्न मुख्यतः बैठकीचाच आहे. नेमाची जुळणी दुर्बिणीत राहते, बैठकीत राहते की रायफलीत, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रत्येक रायफलीची गोळी त्या नळीच्या व काडतुसाच्या स्वभावानुसार जाते. दुर्बिणीतील नेमरेषा आणि गोळी लागण्याची जागा एकत्र आणण्याच्या क्रियेला ‘झिरोइंग’ म्हणतात. आपल्या महाविद्यालयांतील एन.सी.सी. छात्रांना हा शब्द नवा नाही. येथे सूक्ष्मतेचे महत्त्व किती, हे साध्या भूमितीवरून कळते. बैठकीच्या दोन पायांत १२ सें.मी. अंतर असेल आणि मागचा पाय केवळ ०.१ मि.मी. बाजूला बसला, तर १०० मीटरवर नेम ८ सें.मी.हून अधिक चुकतो. लहान हरणाच्या बाबतीत एवढ्या फरकाने छातीवरची गोळी पोटात जाते आणि जनावर जखमी होऊन रानात नाहीसे होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता.

जर्मनीतील झूल आणि ऑस्ट्रियातील फेरलाख येथील कारागिरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नख्यांची बैठक नावारूपाला आणली. दुर्बिणीच्या पुढील नख्या रायफलीवरील खाचेत अडकवायच्या, मागील भाग दाबून खटक्यात बसवायचा, अशी ही रचना होती. संध्याप्रकाशात मचाणावरून शिकार करताना दुर्बीण लागे, तर हाका घातलेल्या रानात ती अडथळा ठरे. म्हणून ती झटकन काढता येणे आवश्यक होते. मात्र प्रत्येक नखी कानशीने घासून त्या एकाच रायफलीशी जुळवलेली असे. तीच दुर्बीण दुसऱ्या रायफलीवर हवी असल्यास त्या रायफलीच्या खाचा पुन्हा याच नख्यांनुसार हाताने घडवाव्या लागत. सुटी असूनही ही दुर्बीण एका अर्थी बांधलेलीच होती.

युद्धकाळात हे बंधन अधिक स्पष्ट झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीने नागरिकांकडील दुर्बिणीसह शिकारी रायफली आघाडीवर पाठविल्या. ब्रिटिश बाजूला हेस्केथ-प्रिचर्ड या अनुभवी शिकाऱ्याला आपल्या सैन्यातील कित्येक दुर्बिणींची जुळणी बिघडलेली आढळली; ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ (१९२०) या ग्रंथात त्याने ते नोंदविले आहे. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४ (टी)’ या ब्रिटिश रायफलीत दुर्बिणीचा क्रमांक लाकडी दस्त्यावर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या बैठकीवर कोरला जाई. अदलाबदल होऊ नये, हाच त्यामागील हेतू. विवाहनोंदणीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था!

याच्या नेमका उलट विचार अमेरिकेत झाला. रॉचेस्टर येथील बॉश अँड लॉम्ब कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर काढलेल्या शिकारी दुर्बिणींत नेम जुळविण्याचे स्क्रू दुर्बिणीत न ठेवता बैठकीत ठेवले. प्रत्येक रायफलीवर स्वतंत्र बैठक कायम राहावी, तिची जुळणी एकदाच करावी आणि दुर्बीण मात्र एकीवरून दुसरीवर फिरवावी, अशी ही कल्पना होती. तर्कदृष्ट्या हे सर्वांत स्वच्छ उत्तर होते असे वाटते. तरीही ते टिकले नाही. दुर्बिणीच्या आतच जुळणीची यंत्रणा असलेल्या इतर कंपन्यांच्या दुर्बिणी कोणत्याही सामान्य कड्यांत बसत, तर या दुर्बिणीला खास बैठक अपरिहार्य होती. शिवाय विल्यम वीव्हरने १९३०पासून स्वस्त दुर्बिणी बाजारात आणल्याने दर रायफलीला स्वतःची दुर्बीण घेणे मध्यमवर्गीय अमेरिकन शिकाऱ्याच्या आवाक्यात येऊ लागले होते. महागाईतून जन्मलेली गरज स्वस्ताईने संपविली, आणि उत्तम कल्पना ग्राहकाअभावी मागे पडली.

युरोपात दुर्बीण महागच राहिली आणि प्रश्नही जिवंत राहिला. १९९३मध्ये ब्लेझर कंपनीच्या ‘आर ९३’ रायफलीने निराळी वाट धरली. तिची नळी बदलता येते आणि दुर्बिणीची बैठक थेट नळीवरच बसते. यंत्रावर अचूक घडविलेली ही बैठक काढून पुन्हा लावली तरी त्याच जागी येते. झूलच्या कारागिराची कानस येथे लागत नाही. परंतु दुसरी नळी आणि दुसरे काडतूस आले की गोळीची जागा बदलतेच. ज्याच्याकडे एकच दुर्बीण आहे, तो शिकारी अशा वेळी दुर्बिणीचा स्क्रू मोजून फिरवतो. युरोपीय दुर्बिणीत साधारणपणे एका टिचकीला १०० मीटरवर १ सें.मी. फरक पडतो. कोणत्या नळीसाठी किती टिचक्या वर आणि किती डावीकडे, हे आकडे तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून जवळ बाळगतो, आणि शिकारीला निघण्यापूर्वी एक गोळी लक्ष्यफलकावर झाडून ते पडताळून पाहतो.