कोल्हापूर संस्थान : १९०२

करवीर संस्थानाच्या सार्वजनिक जीवनातील निर्णायक वर्ष. गादीवर छत्रपती शाहू महाराज होते. राजघराण्याचे विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत की पुराणोक्त, या वादाचे वेदोक्त प्रकरण धुमसत होते. पुराणोक्त विधींवर अडून बसलेल्या राजोपाध्यांचे वतन महाराजांनी मे महिन्यात जप्त केले. त्यानंतर सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. रोमचे कोलोझियम त्यांनी याच प्रवासात पाहिले. पुढे खासबाग कुस्ती मैदान त्याच धर्तीवर उभे राहिले.

वर्षाचे खरे मोल २६ जुलैच्या हुकुमात आहे. महाराज परदेशात असतानाच तो करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये निघाला. त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भरायच्या होत्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व मागासलेले, अशी व्याख्या हुकुमातच होती. खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता पाठवावा, हे कलम विशेष महत्त्वाचे. त्यामुळे हुकूम दप्तरात पडून राहण्याची सोय उरली नाही. १९०१ मध्ये निघालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग याच धोरणाचा दुसरा हात होता. खेड्यांतली मुले तिथे राहून शिकू लागली आणि संस्थानाच्या नोकरीस पात्र ठरू लागली.