घाटमाथ्यावरचा पंखा

लोणावळ्यात भुशी धरण ओलांडून पुढे गेले की आरमाराची हद्द लागते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, पावसाळ्यात दिवसच्या दिवस ढगात बुडालेल्या या पठारावर १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘एच.एम.आय.एस. शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महायुद्धात आरमार झपाट्याने वाढले होते, स्टोकर आणि इंजिनघरातले कारागीर कमी पडत होते, ते इथे तयार व्हायचे होते. पुढे तिची ‘आय.एन.एस. शिवाजी’ झाली, नौदलाच्या सागरी अभियांत्रिकीचे ते माहेरघर बनले आणि २०२० मध्ये तिला राष्ट्रपतींचा ध्वज मिळाला. (ज्या राजाचे नाव तिला दिले त्याचे आरमार शिडांवर आणि वल्ह्यांवर चालले, ही गंमत वेगळीच.) टायगर पॉइंटकडे निघालेला पर्यटक ते फाटक पाहून थट्टेने विचारतो, डोंगरावर कसले आरमार? पण हा प्रश्न थट्टेवारी सोडून देण्यासारखा नाही. बोट पुढे ढकलतो तो पंखा, आणि पंखा चालतो समुद्रात. मग त्याची पारख शिकायची ती इतक्या वर का? माझे म्हणणे असे की पंख्याची पारख भर समुद्रात फार उशिरा आणि फार अवघड रीतीने होते. ती जिथे खऱ्या अर्थाने जमली ती जागा बहुतेक वेळा जमिनीवरची होती. आणि पंख्याची कार्यक्षमता त्याच्या अंगाला कायमची चिकटलेली नसते, त्याला कोणते काम दिले आणि ते कोणत्या वेगाने करायला लावले यावर ती ठरते, हा त्या पारखीतला मुख्य धडा मावळच्या पाण्यावर फिरणाऱ्या एका चाकाने आरमार येण्याच्या तीस वर्षे आधीच गिरवलेला होता.

ते चाक खोपोलीचे. १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवण धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांतले पाणी पोलादी पाइपांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरते, तेव्हा नोझलच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात पोचतो. हा झोत पेल्टन चक्राच्या परिघावर बसवलेल्या जोडवाट्यांवर आदळतो. आता चक्र घट्ट धरून ठेवले अशी कल्पना करा. झोताचा रेटा तेव्हा सर्वांत जास्त असेल, पण काही हललेच नाही म्हणून काम शून्य. उलट चक्र झोताच्याच वेगाने पळू लागले, तर झोत वाटीला गाठणारच नाही. रेटा शून्य आणि काम पुन्हा शून्य. या दोन शून्यांच्या मध्ये, वाटीचा वेग झोताच्या जवळपास निम्मा असताना, पाणी आपली बहुतेक सगळी गती चाकाला देऊन टाकते आणि मलूल होऊन खाली गळते. कार्यक्षमता तेव्हा ९० टक्क्यांच्या आसपास जाते. चाक तेच, वाट्यांचा आकार तोच, झोत तोच, आणि आकडा मात्र शून्यापासून नव्वदपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून वीजघरात भार कमीजास्त झाला तरी चक्राचे फेरे ठरलेलेच ठेवतात. नोझलमधली सुई मागेपुढे करून झोताची जाडी बदलतात, वेगाच्या प्रमाणाला धक्का लावत नाहीत.

बोटीच्या पंख्याचा हिशेब याच्याच उलट दिशेने चालतो: शाफ्टमधून शक्ती आत, पाण्यातून रेटा बाहेर. पण दोन शून्ये तिथेही आहेत, आणि त्यांतले पहिले शून्य विसरल्यामुळे पंख्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रयोग गैरसमजाचे मूळ होऊन बसला. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची बोट आणि ‘अलेक्टो’ ही कडेच्या चाकांची बोट, दोन्ही साधारण सारख्याच ताकदीच्या, पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या आणि इंजिने पूर्ण जोरात सोडली. रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटच्या आसपास वेगाने उलटे ओढत नेले. चाकांपेक्षा पंखा सरस हे त्या दिवशी सिद्ध झाले, असे आजही लिहिले जाते. रस्सीखेच म्हणून ती मजेदार असेल, मोजमाप म्हणून तिची किंमत थोडी आहे. पंख्याची कार्यक्षमता म्हणजे रेटा गुणिले बोटीचा वेग, भागिले शाफ्टवर खर्च झालेली शक्ती. बोट धक्क्याला बांधून पंखा फिरवला तर रेटा भरपूर मिळतो, पण वेग शून्य असल्यामुळे कार्यक्षमताही शून्यच निघते. अडीच नॉटवर ती शून्याच्या फार वर नसते, आणि इतक्या मंद ओढीत कोण जिंकले यावरून भर वेगात कोण सरस ठरेल हे सांगता येत नाही. खरा निकाल त्याआधीच रॅटलरवर वेगवेगळ्या आकाराचे पंखे बदलून बदलून घेतलेल्या कंटाळवाण्या चाचण्यांनी लावला होता. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत.

इथे एक रास्त शंका येते. पेल्टन चक्राला ९० टक्के साधतात, तर उत्तम घडवलेला जहाजाचा पंखाही बहुधा ६० ते ७० टक्क्यांवरच का थांबतो? कारागिरीत तो कमी पडतो का? नाही, त्याचे कामच अवघड आहे. पेल्टनवर येणारा झोत पाइपाने बांधून आणलेला असतो. पंख्याला मात्र मोकळ्या पाण्यात, टेकू नसताना, रेटा घ्यायचा असतो. आणि पाणी मागे ढकलल्याशिवाय बोट पुढे जात नाही. मागे ढकललेल्या पाण्यात जी गती राहते ती वायाच जाते. अभियंता रँकिनने १८६५ मध्ये याचे गणित मांडले आणि नंतर फ्रूड पितापुत्रांनी ते पुढे नेले. बोट सेकंदाला १० मीटरने चालली आहे आणि पंख्याने मागच्या पाण्याला ४ मीटरचा जादा वेग दिला, तर पाती कितीही गुळगुळीत असोत, हिशेब १० भागिले १२, म्हणजे ८३ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. पंखा मोठा घेऊन जास्त पाण्याला कमी वेग दिला, समजा २ मीटर, तर ही मर्यादा ९१ वर सरकते. त्यातून पात्यांचे घर्षण आणि पाण्याला बसणारा पीळ वजा होतो. म्हणून मोठ्या मालवाहू जहाजांचे पंखे प्रचंड असतात आणि मिनिटाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी फेऱ्यांनी सावकाश फिरतात.

जाता जाता, ते ९० टक्के तरी कशाचे, हेही विचारायला हवे. ते घाट उतरणाऱ्या पाण्याच्या शक्तीचे आहेत. तेच पाणी आपल्या मूळ वाटेने इंद्रायणीतून पूर्वेकडे भीमेला गेले असते, तर शेतीला किती उपयोगी पडले असते, हा हिशेब टर्बाइनच्या तक्त्यात येत नाही. धरणांनी जमिनी गिळल्या तेव्हा शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला पुढे कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्यात मर्यादाही घातल्या गेल्या. भागाकारात खाली काय लिहायचे ते अभियंता एकटा ठरवत नाही.

आता मुख्य आक्षेप. पंखा मोठा आणि सावकाश असावा हे गणिताने सांगितले, मग दुसरे काय मोजायचे? ‘आयरिस’ या ब्रिटिश युद्धनौकेने १८७० च्या दशकाच्या अखेरीस याचे उत्तर दिले. तिच्या पहिल्या चाचणीत वेग साडेसोळा नॉटच्या आसपास आला. इंजिनांची शक्ती पाहता तो फारच कमी होता. मग पंखे बदलून पाहिले. कमी व्यासाचे आणि कमी पृष्ठभागाचे पंखे लावल्यावर तीच बोट, त्याच इंजिनांवर, साडेअठरा नॉटपर्यंत गेली. मूळ पंख्यांच्या पात्यांचा पसारा इतका होता की पाण्याशी घासण्यातच शक्ती खर्ची पडत होती. व्यासाचे गणित चुकीचे नव्हते, ते अपुरे होते. दुसरा धडा चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’चा. १८९४ मध्ये तिचे टर्बाइन अपेक्षेप्रमाणे भन्नाट फिरत होते, पण बोट वीस नॉटही गाठेना. समुद्रावर फेऱ्या मारून कारण सापडले नाही. पार्सन्सने तांब्याच्या नळीचे एक बंद कडे बनवले, त्यात पाणी भरले, दोन इंचांचा पंखा बसवला आणि पंख्याच्या फेऱ्यांच्या तालावर उघडझाप करणाऱ्या प्रकाशात काचेतून आत पाहिले. पात्यांच्या पाठीवर दाब इतका घटत होता की पाण्याची वाफ होऊन पोकळ्या तयार होत होत्या, आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळ्याच घुसळत होता. बोटीत एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि त्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसवून काम वाटून दिल्यावर १८९७ मध्ये टर्बिनियाने ३४ नॉट गाठले. जे समुद्राने दडवले ते टेबलावर मावणाऱ्या उपकरणाने उघड केले.

यावर कोणी म्हणेल की दोन इंचांचा पंखा म्हणजे खरा पंखा नव्हे. आक्षेप खरा आहे आणि तो पुरता मिटलेला नाही. बोटीचे लहान प्रतिरूप लाटांच्या हिशेबाने योग्य वेगात ओढले तर घर्षणाचा हिशेब जुळत नाही, घर्षण जुळवले तर लाटा बिघडतात. दोन्ही एकदम साधत नाहीत. विल्यम फ्रूडने १८७२ पासून टॉर्कीच्या टाकीत याच अडचणीतून वाट काढली: घर्षण वेगळे मोजले, उरलेला अडथळा प्रमाणात वाढवला. खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात बंदरांची आणि धरणांची प्रतिरूपे बनवतात तिथेही हीच कसरत असते. पण या आक्षेपातच माझ्या बाजूचा पुरावा आहे. समुद्रावर पंखा, बोटीचे बूड, लाट, वारा आणि इंजिन असा सगळा गोपाळकाला होऊन एकच आकडा हाती येतो, तो म्हणजे वेग. त्या काल्यातले कोणते घटक किती, हे फक्त वेगळे करून मोजल्यावरच कळते.

वेगळे केलेले पुन्हा जोडताना मात्र काम कोणते हे विचारावेच लागते. कोकणातला ट्रॉलर बंदरातून मासेमारीच्या जागी जाताना आठ-नऊ नॉटने जातो आणि जाळे ओढताना तीन नॉटवर येतो. पंखा एकच, कामे दोन. जाण्यासाठी बेतलेला पंखा ओढताना इंजिनाचा दम काढतो, ओढण्यासाठी बेतलेला जाताना नुसता फिरत राहतो, आणि मालक बहुतेकदा मधला मार्ग धरतो. व्हिक्टर काप्लानने १९१३ च्या सुमारास कमी उंचीवरून पडणाऱ्या पाण्यासाठी हलत्या पात्यांचे टर्बाइन काढले ते याच अडचणीवर: प्रवाह बदलला की पात्यांचा कोन बदला. गॅस टर्बाइनच्या युद्धनौकांवर कोन बदलणारी पाती येण्याचे एक कारण याहून साधे, टर्बाइन उलटे फिरत नाही म्हणून पाती उलटी वळवायची. त्या यंत्रणेसाठी मधला गड्डा जाड करावा लागतो आणि त्याने थोडी कार्यक्षमता जाते. पाणबुडीत तर जाणूनबुजून ती सोडून देतात, कारण तिथे पोकळ्यांचा आवाज म्हणजे शत्रूला दिलेली हाक. याच मावळात तळेगावजवळ इंदुरीला १९९८ पासून तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी जहाजांचे अभियंते शिकतात, त्यांच्यापुढे उलटा प्रश्न असतो, इंधनाचा. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून वेग दहा टक्के कमी केला की शक्ती पाव भागाहून थोडी जास्त वाचते. २००८ च्या मंदीनंतर जहाजे मुद्दाम सावकाश चालू लागली, तेव्हा जादा वेगासाठी बेतलेले चांगले पंखे एकाएकी गैरसोयीचे ठरले आणि काही कंपन्यांनी ते बदलून टाकले.

आणि इथेच डोंगरावरच्या शाळेचा उपयोग समुद्रावर कळतो. समजा जहाजाचा वेग एका नॉटने घटला. इंजिनघरातल्या माणसाकडे तीन आकडे असतात: शाफ्टचे फेरे, शाफ्टवरचा पीळ आणि जळालेले इंधन. फेरे तेवढेच असून पीळ वाढला असेल, तर बुडाला कालवे आणि शेवाळ चढले आहे किंवा पात्यांची धार गेली आहे, पाणबुड्या उतरवायला हवा. फेरे आणि पीळ यांचे नाते पूर्वीसारखेच असून इंधन जास्त जात असेल, तर पंख्याकडे पाहण्यात अर्थ नाही, इंजेक्टर उघडायचे. हा निवाडा लाटेकडे पाहून करता येत नाही. इंजिन, शाफ्ट, पंखा आणि बूड एकदा तरी एकेक सुटे करून पाहिलेल्या माणसालाच तो करता येतो.